यादीत नसलेलं स्वातंत्र्य

प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. साठच्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली त्यांना स्थानबद्ध करून मुंबईच्या तुरुंगात ठेवलं होतं. आत वेळच वेळ. त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहून काढलं, 'अणूच्या अंतरंगात'. विषय नावातच आहे. १९६४ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या. सरकारने नकार दिला.

सरकारचं कारण ऐकण्यासारखं आहे. स्थानबद्धांना कशा परिस्थितीत ठेवायचं याची एक नियमावली होती. सरकार म्हणालं, स्थानबद्धाला ज्या सवलती आहेत त्या सगळ्या या नियमावलीत आहेत. पुस्तक छापायला पाठवण्याची सवलत त्यात कुठेही दिलेली नाही, सबब पाठवता येणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने हे मानलं नाही. राज्य सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली तिथेही हरलं. न्या. सुब्बा राव यांनी ती यादी उलटी धरून दाखवली. ते म्हणाले, ही यादी सवलतींची नाहीच, ती बंधनांची आहे. माणूस मुळात मोकळा असतो. कायद्याने जेवढं बांधलं तेवढंच बांधलं, उरलेलं त्याचं त्याच्याकडे राहतं. पुस्तक पाठवू नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा. ते सरकारला दाखवता आलं नाही.

लक्षात घ्या, हा निकाल आला तेव्हा देशात आणीबाणीच होती. १९६२च्या चीन युद्धात लावलेली, न उठवलेली.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने ती यादी पुन्हा सरकारच्या बाजूने धरली. या वेळी प्रश्न पुस्तकाचा नव्हता, माणसाचाच होता. मधल्या काळात न्यायालयाला कुणी टाळं लावलं नव्हतं. एकाही न्यायाधीशाला अटक झाली नव्हती. रोज साडेदहाला काम सुरू होत होतं, पुकारा होत होता, तारखा पडत होत्या. मग बदललं काय?

सुरुवात सहसा नेमणुकीपासून होते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. बहुमताचं म्हणणं असं, की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. निकालाची शाई वाळायच्या आत, दुसऱ्याच दिवशी, सरकारने नवे सरन्यायाधीश म्हणून अजितनाथ राय यांचं नाव जाहीर केलं. ज्येष्ठतेने पाळी होती न्या. शेलत यांची, त्यांच्यानंतर हेगडे, त्यानंतर ग्रोव्हर. हे तिघेही सात जणांच्या बहुमतातले होते आणि राय अल्पमतातले. तिघांनी राजीनामे दिले. मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी संसदेत समर्थन केलं, की सरन्यायाधीश नेमताना त्याचा विचार, त्याची दृष्टी कशी आहे हे सरकार पाहणारच.

आता कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर यात बेकायदा काहीच नव्हतं. ज्येष्ठतमालाच सरन्यायाधीश करा, असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. तो रिवाज होता. आणि रिवाजाचं असं असतं, की तो पाळला जातो तोवर कायद्याहून पक्का वाटतो; एकाने मोडला की कोर्टात दाद मागायला कलम सापडत नाही. ज्यांना संस्था आतून वाकवायची असते ते म्हणूनच आधी रिवाजाला हात घालतात. गावच्या सहकारी सोसायटीच्या राजकारणातही हे पाहायला मिळतं; उपविधी कुणी बदलत नाही, बसण्याची जागा बदलतात.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला न्या. कृष्णा अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५च्या रात्री आणीबाणी लागली. नानी पालखीवाला आदल्या दिवसापर्यंत इंदिराजींचे वकील होते. आणीबाणी लागताच त्यांनी वकीलपत्र परत केलं.

मग कायद्याची यंत्रं भराभर फिरू लागली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. घटनेच्या १४, २१ आणि २२ या कलमांखालच्या, म्हणजे समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेतलं संरक्षण या हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा अधिकार आणीबाणीपुरता स्थगित झाला. 'मिसा' हा स्थानबद्धतेचा कायदा १९७१चाच, पण आता वटहुकूम काढून त्यात असं घातलं, की माणसाला आत टाकण्याची कारणं त्याला सांगायची गरज नाही. पुढच्या दुरुस्तीने ती कारणं कोर्टालाही दाखवायची नाहीत असं ठरलं. आणीबाणीनंतर चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाने मोजदाद केली तेव्हा मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं आत गेल्याचं आढळलं.

पंतप्रधानांच्या निवडणुकीचं अपील सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्टला सुनावणीला होतं. ७ ऑगस्टला लोकसभेने एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली, ८ला राज्यसभेने, ९ला राज्यांच्या विधिमंडळांनी, आणि १०ला राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला याहून जास्त दिवस लागतात.

या सगळ्यात कोर्ट गप्प बसलं, असं मात्र नाही. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतलं ते नेमकं कलम उडवलं. निवडणूक मात्र वैध ठरवली, कारण निवडणुकीचा कायदाच तोवर पूर्वलक्षी प्रभावाने बदलून ठेवलेला होता. तत्त्व कोर्टाने राखलं, आणि निकाल सरकारच्या पदरात पडला. दबावाखालच्या न्यायालयांचे असे निकाल पुष्कळ सापडतात आणि ते नीट वाचावे लागतात. कधी ती पळवाट असते, कधी पुढच्या लढाईसाठी ठेवलेला दारूगोळा.

तीनच दिवसांनी सरन्यायाधीश राय यांनी केशवानंदचा फेरविचार करायला तेरा न्यायाधीशांचं पीठ बसवलं. पालखीवाला उभे राहिले. दोन दिवस युक्तिवाद झाला. फेरविचाराची मागणी नेमकी केली कुणी, हेच समाधानकारकपणे सांगता येईना. १२ नोव्हेंबरला सकाळी राय यांनी पीठ बरखास्त करून टाकलं. घटनेची मूलभूत चौकट त्या दिवशी वाचली ती कुठल्याही निकालपत्राने वाचली नाही. एक वकील हटला नाही आणि पीठावरच्या सहकाऱ्यांचा उत्साह दिसला नाही, एवढंच झालं.

खरी खिंड मात्र उच्च न्यायालयांनी लढवली, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे.

ऑक्टोबर १९७५मध्ये मुंबईतल्या वकिलांनी जिना हॉलमध्ये एक बैठक ठरवली. विषय होता नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य. वक्त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. बैठक खाजगी, निमंत्रितांपुरती. पोलिसांनी परवानगी नाकारली. जमावबंदीचा हुकूम होताच. नाथवानी आणि इतर वकील उच्च न्यायालयात गेले. न्या. विमादलाल आणि न्या. पी. एस. शहा यांनी पोलिसांची मनाई रद्द केली. आणीबाणीत हक्क स्थगित झाले तरी पोलीस आयुक्ताला मुंबई पोलीस कायद्याने जेवढे अधिकार दिलेत तेवढेच त्याच्याकडे राहतात, हे त्यांनी बजावलं.

दुसरं प्रकरण मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचं. सेन्सॉरने अकरा मजकूर अडवले. मसानी कोर्टात गेले. न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी फेब्रुवारी १९७६मध्ये सेन्सॉरला सुनावलं, की सगळ्या वृत्तपत्रांना एकाच सुरात गायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे.

या निकालांचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात मोठे शब्द फारसे नाहीत. आणीबाणी चूक, असं कुठलंही न्यायालय म्हणालं नाही. म्हणून उपयोगही नव्हता. अडतिसाव्या दुरुस्तीने ते दार आधीच बंद केलं होतं. त्यांनी विचारलं ते इतकंच: हा हुकूम काढणाऱ्याला हा हुकूम काढण्याचा अधिकार कायद्याने आहे का? कायद्यात सांगितलेली पायरी त्याने पाळली का? म्हणजे संझगिरींच्या वेळचाच प्रश्न. सरकारला त्याने सरकारच्याच कायद्यात धरता येतं. हुकूमशाही वळणाच्या सरकारला मोठ्या भाषणांचा त्रास होत नाही, असल्या किरकोळ प्रश्नांचा फार होतो.

स्थानबद्धांच्या अर्जांतही हेच घडलं. हेबिअस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा आणि कुठल्या कायद्याने धरलंत ते सांगा, असा आदेश. सरकारने ठिकठिकाणी प्राथमिक हरकत घेतली, की हक्कच स्थगित आहेत तर अर्ज ऐकता कशाला? नऊ उच्च न्यायालयांनी ही हरकत फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांत होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: हुकूम मिसाच्या बाहेरचा असेल, आकसाने काढलेला असेल, चुकीच्या माणसाला उचललं असेल, तर एवढं तपासायला आम्ही मोकळे आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये हेच सांगितलेलं होतं.

किंमत मोजावी लागली. १९७६मध्ये सोळा उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या संमतीविना बदल्या झाल्या. विमादलाल आंध्र प्रदेशात गेले. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्ध निकाल देणारे दिल्लीचे न्या. रंगराजन गुवाहाटीला गेले आणि त्यांच्याबरोबर बसलेले न्या. अग्रवाल अतिरिक्त न्यायाधीश होते, ते कायम न होता परत सत्र न्यायालयात गेले. आपल्याकडे नागपूर खंडपीठावर यू. आर. लळित अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांनाही कायम केलं नाही.

'अतिरिक्त' या शब्दाकडे लक्ष द्या. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बहुधा आधी अतिरिक्त म्हणून दोन वर्षांसाठी येतो, मग कायम होतो. कायम झालेल्याला काढायला महाभियोग लागतो, म्हणजे जवळजवळ अशक्य. अतिरिक्ताला काढावं लागतच नाही. मुदत संपू द्यायची, फाइल पुढे सरकवायची नाही. कुणी हुकूम काढत नाही, कुठे सही नाही, आव्हान द्यायला कागदच नाही. बदलीचं तसंच. बदली म्हणजे शिक्षा नव्हे, असं सरकार शपथेवर सांगणार. पण मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील आणि परका प्रांत यांचा हिशेब उरलेले सगळे न्यायाधीश न सांगता करतात.

आता २८ एप्रिल १९७६च्या निकालाकडे येऊ. नऊ उच्च न्यायालयांविरुद्ध सरकार अपिलात गेलं. खटला जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जातो. पाच ज्येष्ठतम न्यायाधीश बसले: राय, खन्ना, बेग, चंद्रचूड, भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांती भूषण, सोली सोराबजी, आपले सासवडचे वि. म. तारकुंडे. सरकारच्या बाजूने महान्यायवादी नीरेन डे.

सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी डे यांना विचारलं, की कलम २१मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खाजगी वैरातून कुणाला मारून टाकलं, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही दाद आहे का? डे म्हणाले, माझ्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचं तर, आणीबाणी आहे तोवर, नाही.

कोर्टात बसलेल्यांना वाटलं, आता संपलं. एवढं ऐकल्यावर सरकारची बाजू कोण घेणार? चौघांनी घेतली. निकाल चार विरुद्ध एक.

बहुमताचा धागा असा: व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क राहतो तो कलम २१मध्ये. ते कलम कोर्टात मांडताच येत नसेल, तर मांडायला उरलं काय? १९६२चा राष्ट्रपतींचा आदेश अमुक कायद्याखाली धरलेल्यांपुरता मर्यादित होता. १९७५च्या आदेशात तशी अट नाही, असंही त्यांनी दाखवलं. हा फरक खरा आहे, तो त्यांनी बनवलेला नव्हता. पण मुळाशी पाहिलं तर ही संझगिरी खटल्यात हरलेल्या सरकारचीच यादी होती. स्वातंत्र्य म्हणजे कागदावर दिलेली सवलत, कागद मिटला की संपली. खन्ना यांनी सुब्बा राव यांच्या बाजूने ती यादी वाचली. त्यांचं म्हणणं, घटना आली तेव्हा माणसाला जीव आला असं नाही. कलम २१ नसतं तरीही, कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचा जीव किंवा मोकळीक घेण्याचा अधिकार सरकारला नव्हता.

बहुमतातल्या दोन वाक्यांसाठी हा निकाल आजही काढला जातो. बेग यांनी लिहिलं, की स्थानबद्धांची राहण्याखाण्याची काळजी सरकार जवळजवळ आईच्या मायेने घेत असल्याचं कळतं. आणि यशवंतराव चंद्रचूड यांनी, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी, लिहिलं, की असे प्रकार घडणार नाहीत अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा मला आहे. निकालपत्रात आशा आली की वाचणाऱ्याने सावध व्हावं. न्यायाधीशाकडे आदेश द्यायचा अधिकार असतो. आशा बाळगायला आपण आहोतच.

हे चौघे घाबरले का? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि माझं उत्तर कुणाला आवडत नाही. याच चंद्रचूडांनी पाचच महिन्यांपूर्वी पंतप्रधानांच्या निवडणुकीचं कलम उडवण्याच्या बाजूने मत दिलं होतं. पुढे १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात, संसदेला घटना हवी तशी बदलायची मोकळीक देणाऱ्या बेचाळिसाव्या दुरुस्तीचा कणा मोडणारा बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला. भित्र्या माणसाचं हे चरित्र नव्हे. भगवती यांनी २०११मध्ये आपली चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. त्यांना तेव्हा युक्तिवाद पटला असेल, किंवा पटवून घेतला असेल. पाच जणांपैकी राय सरन्यायाधीश होतेच. बेग १९७७मध्ये झाले, चंद्रचूड १९७८मध्ये, भगवती १९८५मध्ये. राहिले फक्त खन्ना.

१९७३च्या एप्रिलमधलं नुकसान मला इथे दिसतं. त्या तीन नावांना डावललं नसतं तर १९७६चा निकाल वाचून आपण म्हणालो असतो, कायद्याचा अर्थ लावण्यात चूक झाली. आता ते म्हणता येत नाही. प्रत्येक वाक्याच्या मागे खुर्ची दिसते, खरोखर असो वा नसो. प्रामाणिक चूक करण्याची सोयसुद्धा त्या न्यायाधीशांकडून काढून घेतली गेली.

खन्ना यांना हिशेब पुरता कळला होता. निकालाआधी हरिद्वारला गंगेच्या काठी त्यांनी बहिणीला सांगितलं, की मी जो निकाल लिहून ठेवलाय त्याची किंमत म्हणून माझं सरन्यायाधीशपद जाणार. आत्मचरित्रात त्यांनीच हे नोंदवलंय. जानेवारी १९७७मध्ये, निवडणुका जाहीर झालेल्या असतानाही, बेग यांचं नाव त्यांच्या आधी आलं. खन्ना यांनी राजीनामा दिला.

पुढची दुरुस्ती संसदेने केली. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरलं, की आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाही. 'अंतर्गत अशांतता' या सैल शब्दांच्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते जे. सी. शहा, जिना हॉलमध्ये ज्यांचं भाषण पोलिसांना नको होतं तेच.

१९७६चा निकाल मात्र कागदोपत्री कायदा म्हणून उभाच होता. तो रद्दबातल व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो मोडीत काढला, आणि त्यातलं प्रमुख निकालपत्र लिहिलं होतं धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांच्या निकालात गंभीर दोष असल्याचं मुलाने लिहिलं. जीव आणि व्यक्तिस्वातंत्र्य घटनेने दिलेलं नाही, ते माणसाबरोबरच येतं, असं त्यात म्हटलंय. सुब्बा रावांनी यादी जशी वाचली होती, तशीच.

नागपूर खंडपीठावर कायम न झालेले यू. आर. लळित पुन्हा न्यायाधीश झाले नाहीत. दिल्लीला जाऊन वकिली केली. त्यांचा मुलगा उदय लळित २०२२मध्ये ७४ दिवस सरन्यायाधीश होता. ८ नोव्हेंबरला तो निवृत्त झाला. ज्येष्ठतेच्या रिवाजाप्रमाणे पाळी धनंजय चंद्रचूड यांची होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शपथ घेतली.